हप्ता, भाडं आणि मधले दहा हजार : सागरमाळच्या एका फ्लॅटचं प्रकरण

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, वय तेव्हा ३७. पती शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये फाउंड्रीचं मशीनिंगचं काम जॉबवर्कवर करतात. राहतं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, वडिलोपार्जित, त्यावर बोजा नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे २० लाख रुपये होते. त्यात बँकेतल्या ठेवी होत्या, पतसंस्थेतली मुदत संपलेली एक ठेव होती आणि बाईंच्या माहेरच्या जमिनीच्या वाटणीतून आलेली रक्कम होती. या पैशातून भाड्यानं देण्यासाठी एक फ्लॅट घ्यायचा होता. कर्जाचं आणि कराचं गणित मांडून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या फ्लॅटचा हिशेब तेव्हापासून मीच बघतो. त्यांच्या परवानगीनं तो इथे मांडतो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा सोयीच्या केल्या आहेत, पण गणिताचा ढाचा तोच ठेवला आहे.

कोल्हापुरात पगारदार माणूस दुसरं घर घ्यायला निघाला की घरातलं कुणीतरी एक वाक्य हमखास म्हणतं. इथे ते बाईंचे दीर म्हणाले. “वहिनी, वीस लाखात एकच कशाला? निम्मं-निम्मं भरा, दोन घ्या. हप्ता भाड्यातनंच जातोय की!” या वाक्यावर विश्वास ठेवून अडकलेली बरीच कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून सगळ्यात आधी त्याचंच गणित करायला बसलो.

भाडं किती कर्ज पेलतं

सागरमाळ, राजारामपुरी, विद्यापीठाचा रस्ता या पट्ट्यात दहा-बारा वर्षं जुना दोन बेडरूमचा फ्लॅट तेव्हा ३६ लाखांच्या आसपास सांगितला जात होता. भाडं ११ हजार, म्हणजे वर्षाला १,३२,०००. पण हे सगळे हातात राहत नाहीत. अपार्टमेंटचा मेंटेनन्स १२ हजार, घरफाळा ६ हजार, नळ-वायरिंग-रंग अशा किरकोळ दुरुस्तीला ८ हजार आणि दर वर्षी एक महिना फ्लॅट रिकामा राहील असं धरून ११ हजार. एवढं वजा केलं की ९५ हजार उरतात, महिन्याला सुमारे ७,९००.

तेव्हा गृहकर्ज ७ टक्क्यांनी मिळत होतं. २० वर्षांच्या मुदतीला दर लाखामागे हप्ता पडतो ७७५ रुपये. म्हणजे ७,९०० रुपयांच्या निव्वळ भाड्यावर जेमतेम १० लाखांचं कर्ज चालतं. फ्लॅट ३६ लाखांचा, भाडं पेलणार १० लाखांचं कर्ज. बाकीचं सगळं खिशातून, मग ते आधी रोख भरा किंवा महिन्याच्या महिन्याला हप्त्यातून भरा. हा आकडा कागदावर आला तेव्हा बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. पती म्हणाले, “मग लोक घेत्यात कसं?” लोक पगारातून घालतात आणि त्याला भाड्यातून गेलं असं म्हणतात, एवढंच त्याचं उत्तर आहे.

दिरांचा दोन फ्लॅटचा बेत याच कागदावर मांडला. प्रत्येक फ्लॅटला २४ लाखांचं कर्ज आणि वरचा खर्च धरून स्वतःचे १६ लाख, म्हणजे दोन्ही मिळून ३२ लाख हवेत. हातात २०. राहिलेल्या १२ लाखांपैकी १० लाख पतसंस्थेतून १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी आणि २ लाख सोनेतारणावर, असा विचार होता. दोन गृहकर्जांचे हप्ते ३७,२००, पतसंस्थेचा २२,७५०, मिळून ६० हजार. दोन फ्लॅटचं निव्वळ भाडं १५,८००. दरमहा ४४ हजारांची तूट, सोन्यावरचं व्याज वेगळंच. बाईंचा हातात येणारा पगार तेव्हा ५५ हजारांच्या आसपास होता.

मार्जिनसाठी, म्हणजे किमतीतल्या आपल्या वाट्यासाठी, कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे आणि त्यात मी सवलत देत नाही. बँक घराच्या किमतीचा काही भाग आपल्याकडून मागते, कारण भाव पडला किंवा उत्पन्न थांबलं तर पहिला धक्का त्या पैशानं सोसायचा असतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत, अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. तो उरलेला भागही उसना आणला तर धक्का सोसायला काहीच राहत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार लागतात, आणि कोल्हापुरात जामीनदार म्हणजे सहकारी शिक्षक, मेहुणा, शेजारी. हप्ता थकला की तेही अडकतात. दोन फ्लॅटचा बेत त्याच संध्याकाळी सुटला. दीर थोडे नाराज झाले.

तीन घरं

एकच घ्यायचं ठरल्यावर तीन ठिकाणं बघितली.

पहिलं स्टँडच्या बाजूला, शाहूपुरीच्या सखल भागात. २९ लाख सांगत होते, भाडं १०,५०० सहज मिळालं असतं. वरवर बघितलं तर यात परतावा सगळ्यात चांगला होता, किमतीच्या ४.३ टक्के. सागरमाळच्या फ्लॅटला ३.७ टक्केच. पण ते घर बघायला गेलो ते जुलै २०२१ च्या पुरानंतर. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याच्या दोन रेषा होत्या, एक २०१९ ची आणि एक ताजी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, आत पाणी येण्याचा प्रश्न नव्हता, असं एजंट वारंवार सांगत होता. पण विजेचे मीटर, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी, लिफ्टचा खड्डा हे सगळं तळमजल्यावर. पुरानंतर वीज आणि पाणी पूर्ववत व्हायला दिवस जातात आणि तोवर भाडेकरू नातेवाइकांकडे जातो, कधी परतच येत नाही.

पाटबंधारे विभागाच्या नकाशात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. ही जागा मधल्या पट्ट्यात येत होती. उद्या पुनर्बांधणी करायची म्हटली तर काय परवानगी मिळेल, हा प्रश्न किमतीत धरायलाच हवा होता.

माझ्या मते खरं कारण मात्र निराळंच होतं. २०१९ ला आणि २०२१ ला पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. पतींचं काम शिरोलीत. पूर आला की त्यांची शेड बंद, आणि त्याच आठवड्यात या फ्लॅटचं भाडंही बंद. पगार, धंदा आणि भाडं ही तीन उत्पन्नं आहेत असं म्हणायचं आणि त्यातली दोन एकाच नदीवर अवलंबून ठेवायची, यात शहाणपण नव्हतं. एखाद्या डॉक्टर कुटुंबाला तोच फ्लॅट २९ लाखांत कदाचित परवडला असता. या कुटुंबाला नाही.

दुसरं घर पाचगावच्या बाजूला, नवी इमारत, ३२ लाख. इथे कागद अडले. कोल्हापूर १९७२ ला महानगरपालिका झाली, पण हद्द वाढली नाही. त्यामुळे शहराला चिकटलेली कितीतरी वस्ती ग्रामपंचायतीत आहे. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याआधीच्या आणि नंतरच्या परवानग्यांची इतकी सरमिसळ आहे की प्रत्येक इमारतीचा कागद स्वतंत्र बघावा लागतो. या इमारतीची जागा गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली होती, नियमितीकरणाचा आदेश दाखवता आला नाही, भोगवटा प्रमाणपत्रही (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) नव्हतं. “सगळ्यांनीच असंच घेतलंय” हे उत्तर बिल्डरच्या ऑफिसात मिळालं. ते खरंही असेल. पण सरकारी बँक त्यावर कर्ज देणार नव्हती, आणि आज आपल्याला जी बँक कर्ज देत नाही ती उद्या आपल्याकडून विकत घेणाऱ्यालाही देणार नाही. म्हणजे ते घर फक्त रोख पैसेवाल्यालाच विकता येणार.

तिसरा सागरमाळचा. इमारत २००९ ची, तिसरा मजला, लिफ्ट, भोगवटा प्रमाणपत्र आणि मिळकत पत्रिका दोन्ही नीट. तोच ठरला.

संचकारापासून खरेदीखतापर्यंत

मूळ मालकाचं स्वतःचं गृहकर्ज होतं, साडेनऊ लाख बाकी. त्यामुळे क्रम महत्त्वाचा होता. एक लाखाचा संचकार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, चेकनं दिला आणि नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, केलं. त्यात मालकाच्या बँकेची बाकी थेट आपल्या बँकेच्या धनादेशातून भागवली जाईल, मूळ कागद आपल्या बँकेकडे येतील आणि बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) मिळाल्यावरच उरलेली रक्कम दिली जाईल, असं स्पष्ट लिहून घेतलं. मालक चांगले होते, पण चांगुलपणावर बोजा उतरत नाही. वकिलांनी ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांची तपासणी, काढला. त्यासाठी फी मोजावी लागली आणि ती वाचवण्याची जागा नाही.

मालकांना चार लाख रोख हवे होते. म्हणजे खरेदीखत ३२ लाखांचं आणि चार वरचे. यावर घरात दोन दिवस चर्चा चालली, कारण मुद्रांक शुल्कात थोडी बचत दिसत होती. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकांना समजावून सांगितलं. बाईंना दुसरी बाजू सांगितली. उद्या विकताना खरेदी किंमत ३२ च धरली जाईल, चार लाखांवर नफा नसताना नफ्याचा कर बसेल, आणि व्यवहार मोडला तर ते चार लाख परत मागायला कागदच नसेल. शेवटी संपूर्ण ३६ लाख बँकेतून गेले.

फ्लॅट एकट्या बाईंच्या नावावर घेतला, पती फक्त सहकर्जदार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण ६ टक्के पडतं. १ एप्रिल २०२१ पासून फक्त महिलेच्या नावानं निवासी घर घेतलं तर त्यात एका टक्क्याची सवलत आहे. ३६ हजार वाचले. तेव्हा त्या सवलतीला १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. ती २०२३ मध्ये गेली. मार्च २०२१ अखेरपर्यंत सगळ्यांनाच शुल्कात मोठी सूट होती आणि पतींना ती चुकल्याची हळहळ होती. पण ती सूट गाठण्याच्या घाईत शाहूपुरीचा फ्लॅट घेतला गेला असता, हेही खरं.

एकूण खर्च असा झाला. मुद्रांक शुल्क १,८०,०००, नोंदणी फी ३०,०००, एजंटची दलाली ३६,०००, वकील आणि बँकेचे आकार २०,०००, भाड्यानं देण्याआधीचं प्लंबिंग, ओटा आणि रंग १,५०,०००. मिळून ४,१६,०००. म्हणजे ३६ लाखांचा फ्लॅट हातात पडला ४०,१६,००० ला. कर्ज २४ लाख, स्वतःचे १६,१६,०००. वीस लाखांतले ३,८४,००० शिल्लक राहिले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. दीड वर्षाचे हप्ते आणि थोडं जास्त, एवढी ती रक्कम होती. बँकेतल्या साहेबांनी २८ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, घेऊन टाका, असं सुचवलं होतं. मंजूर किती होतं आणि पेलतं किती हे दोन वेगळे आकडे आहेत. बँक पहिला सांगते. दुसरा आपला आपणच काढायचा.

हप्ता १८,६०७. तूट महिन्याला १०,७०० च्या आसपास. ही तूट बाईंच्या पगारातून भरायची आणि त्याशिवाय ३ हजारांची आवर्ती ठेव चालवायची, असा नेम केला. ३ हजारच का, तर दर ७ वरून ९ टक्क्यांवर गेला तर हप्ता २१,६०० होतो. तो आत्तापासूनच भरतो आहोत असं समजून जगायचं.

भाडेकरू

करार नोटरीकडे पाचशेच्या स्टॅम्पवर करायचा असं पतींनी गृहीत धरलं होतं, गल्लीत सगळे तसंच करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. खर्च तरी किती? २४ महिन्यांचं भाडं आणि ३३ हजारांच्या डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून पाव टक्का मुद्रांक, म्हणजे सातशेच्या आत. नोंदणी फी शहरात १ हजार. घरी बसून अंगठा लावून होतं. मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर दुप्पट भाड्याची तरतूद आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचा मार्ग, हे सगळं या कागदामुळे मिळतं.

पहिलं कुटुंब १४ महिने राहिलं आणि बदली होऊन गेलं. ते गेले नोव्हेंबरात, नवीन आले फेब्रुवारीत. अडीच महिने फ्लॅट बंद. आपल्याकडे कुटुंबवाला भाडेकरू मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे हलतो. एप्रिल-मे सोडून करार संपला की घर रिकामं राहतं, म्हणून त्यानंतरचे करार मे अखेरीस संपतील अशा बेतानं केले. अकरा महिन्यांच्या सवयीनं करार दर वर्षी एक महिना मागे सरकत जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

२०२२ चा उन्हाळा आणि पुढचं वर्ष

या प्रकरणातली खरी परीक्षा इथे झाली.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन बदलत्या दराची गृहकर्जं बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो), बांधलेली असतात. कर्ज घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता. मे २०२२ ला तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला ६.५ वर थांबला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. बाईंचा दर ७ चा ९.५ झाला.

हप्ता मात्र तोच कापला जात होता, १८,६०७. “वाढला कुठं? आमचा हप्ता तर तेवढाच आहे,” असं पती सांगत होते. कर्जाचा उतारा मागवला तेव्हा चित्र दिसलं. बाकी २३ लाख ३० हजार. त्यावर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं १८,४४६. म्हणजे १८,६०७ च्या हप्त्यातून मुद्दल फिटत होतं १६१ रुपये. या चालीनं ते कर्ज फिटायला ५० वर्षं लागली असती. बँकेनं वाढ मुदतीत ढकलली होती, आणि बाई ५८ व्या वर्षी निवृत्त होणार असल्यानं मुदतीला वाव होता जेमतेम एक वर्षाचा. पुढच्याच फेरीत बँक हप्ता वाढवणार होती. तो बसला असता २२,३००.

ज्यांनी हप्त्याच्या आकड्याकडेच बघितलं ती कितीतरी घरं त्या वर्षी अशीच बसून राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सूचना काढल्या, की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, परिणाम समजेल अशा भाषेत कळवायचा आणि हप्त्यातून निदान व्याज तरी सुटलं पाहिजे. ही सूचना आधी यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

बाईंपुढे तीन वाटा होत्या. २२,३०० भरायचे, राखीव ३,८४,००० कर्जात घालायचे, किंवा बाहेरून काही रक्कम उभी करून मुद्दल कमी करायचं. राखीव रक्कम घालायला पती उत्सुक होते. ठेवीवर ७ टक्के मिळतात, कर्जावर साडेनऊ जातात, मग ठेव कशाला ठेवायची? हिशेबानं त्यांचं बरोबर होतं. पण फ्लॅट त्या वेळी नुकताच अडीच महिने रिकामा राहिला होता आणि फाउंड्रीकडून पतींची बिलं तीन-तीन महिने उशिरा येत होती. कर्जात घातलेला पैसा लगेच परत काढता येत नाही. टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागावं लागतं, आणि उत्पन्न घसरलेल्या माणसाला टॉप-अप मिळत नाही. राखीव तशीच ठेवली.

आवर्ती ठेवीचे ५४ हजार, बाईंच्या भिशीचे १ लाख आणि बंद पडून असलेल्या एका जुन्या लेथच्या विक्रीचे १,४६,०००, असे ३ लाख मार्च २०२३ मध्ये कर्जात भरले. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नसतो. बाकी २०,३०,००० झाली, मुदत मूळचीच ठेवून हप्ता १९,४५०. वाढ साडेआठशेची. ज्या तीन हजारांची सवय आधीपासून होती, त्यात ही वाढ मुरून गेली.

कराबद्दल थोडक्यात. पहिल्या वर्षी भाड्यातून घरफाळा आणि ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर ८८,२०० उरले, व्याज १,६६,०००. सुमारे ७८ हजारांचा तोटा जुन्या करपद्धतीत पगारातून वजा झाला आणि १६ हजार कर वाचला. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही. बाई तिकडे गेल्या. तिथे घराचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण कर मुळात शून्य. करबचत हे फ्लॅट घेण्याचं मुख्य कारण असतं, तर ते कारणच चार वर्षांत संपलं असतं.

२०२४ ला गच्ची गळायला लागली. कोल्हापूरच्या पावसात पंधरा वर्षांची गच्ची गळतेच. १६ फ्लॅट, ६,४०,००० चं वॉटरप्रूफिंग, प्रत्येकी ४० हजार. असोसिएशनकडे राखीव निधी नव्हता, कारण मेंटेनन्स कमी ठेवण्यात सगळ्यांना भूषण वाटत होतं. चार जणांनी पैसे द्यायला सहा महिने लावले आणि तेवढ्यात वरच्या मजल्याचं प्लॅस्टर पडलं. बाईंनी राखीवेतून भरले आणि पुढच्या दहा महिन्यांत राखीव परत भरून काढली.

डिसेंबर २०२५ चा हिशेब

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे वकील आणि पक्षकार शहरात यायला लागले आणि जागेची चर्चा पुन्हा तापली. दीर परत आले. या वेळी म्हणणं असं, की या फ्लॅटवर टॉप-अप काढा, आणि कोर्टाच्या जवळ एक छोटी जागा घ्या. त्याच सुमारास एका वकिलांनी हाच फ्लॅट ऑफिससाठी १९ हजारांना मागितला.

ठरवण्याआधी सव्वाचार वर्षांचा हिशेब पूर्ण मांडला. इमारतीत ४४ लाखांना सौदे होत होते. विकला तर दलाली जाऊन ४३,५६,०००, कर्जाची बाकी १९ लाख, हातात साडेचोवीस लाख. घातले किती? सुरुवातीचे १६,१६,०००, मार्च २०२३ चे ३ लाख, आणि सव्वाचार वर्षांची दरमहाची तूट, गच्ची धरून आणि वाचलेला कर वजा जाऊन, साडेपाच लाखांच्या वर. मिळून पावणेपंचवीस लाखांच्या आसपास. जेवढे घातले तेवढेच परत.

यात एक आकडा मी मुद्दाम दाखवला. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत. नफ्यावर सरळ १२.५ टक्के कर, किंवा महागाई निर्देशांकानं खरेदी किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के. २०२१-२२ चा निर्देशांक ३१७, २०२५-२६ चा ३७६. शुल्कासह ३८,१०,००० ची किंमत त्यानं वाढवली की ४५ लाखांच्या वर जाते. म्हणजे ४४ ला विकून कर शून्य, कारण महागाई धरता नफाच नाही. “आठ लाख वाढला फ्लॅट” असं घरात सगळे म्हणत होते, आणि आयकराचा तक्ता म्हणत होता की वाढलेला नाही.

तरीही विकायचं नाही असं ठरलं, आणि मला ते पटलं. विकून आलेले साडेचोवीस लाख या घरात ठेव म्हणून टिकले नसते. शेडचं विस्तारीकरण आणि पुतण्याचं लग्न, दोन्ही रांगेत होते. या कुटुंबाची बचत हप्त्यामुळे होते, हे चार वर्षांत दिसलं आहे.

रेपो डिसेंबरअखेर ५.२५ वर आला, बाईंचा दर ८.२५. बँकेला लेखी कळवून हप्ता १९,४५० च ठेवला. कमी केला असता तर १८ हजारांवर आला असता. न केल्यानं उरलेली मुदत १८९ महिन्यांवरून १६३ वर आली. भाडं आता १४ हजार आहे, खर्च जाऊन निव्वळ १० हजारांना थोडं कमी. तूट साडेनऊ हजारांची, अजूनही. याच मुदतीत आणि याच दरात हप्ता निव्वळ भाड्याइतका व्हायला बाकी पावणेदहा लाखांवर यावी लागेल. म्हणजे अजून सव्वानऊ लाख मुद्दल कमी करायचं आहे. बाईंनी ते दर मार्चमध्ये दीड लाखाच्या हिशेबानं भरायचं ठरवलं आहे.

टॉप-अपला नकार दिला. तूट असलेल्या घरावर कर्ज काढून दुसरं तुटीचं घर घ्यायचं, त्यासाठी माझ्याकडे गणित नव्हतं. दिरांना तोच पहिला कागद दाखवला, भाडं किती कर्ज पेलतं तो. कोर्टाजवळच्या जागांचे सांगितले जाणारे भाव भाड्यापेक्षा वेगानं चढले होते, त्यामुळे तिथलं प्रमाण सागरमाळपेक्षाही वाईट निघालं.

वकिलांचे १९ हजार मोहात पाडणारे होते. पण निवासी फ्लॅटचा ऑफिससाठी वापर केला की घरफाळा व्यापारी दरानं बसतो, असोसिएशनच्या घोषणापत्रात वापर निवासी लिहिलेला आहे, आणि कर्ज निवासी घरावर दिलेलं असल्यानं बँकेलाही कळवावं लागतं. शेजारच्या दोन कुटुंबांनी आधीच हरकत घेतली होती. वकिलांना हे सांगितल्यावर त्यांनीच विषय सोडला.

सध्या राहणाऱ्या कुटुंबाचा करार मे २०२६ ला संपतो. दोघंही इस्पितळात नोकरीला, मुलगी नववीत. त्यांना अजून तीन वर्षं राहायचं आहे. ३६ महिन्यांचा नोंदणीकृत करार, दर वर्षी ५ टक्के वाढ, दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची नोटीस आणि मुदत मे २०२९ अखेर, असा मसुदा तयार आहे. असोसिएशनच्या जानेवारीच्या बैठकीत मेंटेनन्समध्ये दरमहा ५०० रुपये राखीव निधीचे धरावेत असा ठराव बाई स्वतः मांडणार आहेत. १६ पैकी ९ जणांनी होकार दिला आहे.